दहन की दफन? दहनगृहांचा इतिहास आणि ख्रिस्तसभेची शिकवण



नोव्हेंबर महिना आपण आपल्या मृतांच्या स्मरणात घालवतो. २ तारखेला कबरी झाडून-पुसून घेतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि फादर प्रत्येक कबरीवर पवित्र पाणी शिंपडतात. मात्र लाखांदूर तालुक्यात विखुरलेल्या आपल्या काही कुटुंबांना त्या दिवशी मेणबत्ती नेमकी कुठे लावायची, हाच प्रश्न पडतो. ज्या गावात आपली एक-दोनच घरे आहेत तेथे वेगळे कब्रस्तान कुठून असणार? गावाची स्मशानभूमी असते, तीवर टिनाचे शेड असते, लोखंडी ओटा असतो. गावकरी जिवाला जीव देणारे, लाकूडफाटा तेच गोळा करतात. मग दहन होते, राख सावडली जाते आणि रिवाजाप्रमाणे वैनगंगेत नाहीतर चुलबंद नदीत सोडली जाते. घरातले बाकी लोक हिंदू वा बौद्ध असले तर आपण वेगळे काही बोलायलाही कचरतो.

अशाच एका घरी जपमाळेच्या प्रार्थनेनंतर एका आजोबांनी मला बाजूला घेऊन विचारले, "मास्तर, आमची म्हातारी वैनगंगेत गेली. पोरं मलेही जाळतीन अन् तेथंच सोडतीन. मंग त्या दिवशी देवाले आमी सापडू का?"

मी त्यांना तिथल्या तिथे उत्तर दिले, पण ते अर्धेच होते हे घरी परतताना जाणवले. राहिलेले अर्धे उत्तर शोधताना जे वाचनात आले ते आज तुमच्यापुढे ठेवतो. विषय थोडा अवघड आहे, परंतु घरातील वडीलधाऱ्यांसमोर बसून वाचण्यासारखा आहे. मृत्यूविषयी बोलले म्हणजे तो लवकर येतो, असे कोणी समजू नये.

पवित्र शास्त्रात काय आढळते?

उत्पत्तीच्या पुस्तकाचा २३वा अध्याय काढून पाहा. साराचे निधन झाले तेव्हा अब्राहामाकडे गुरेढोरे होती, नोकरचाकर होते, पण स्वतःच्या मालकीची हातभर जमीन नव्हती. तो परक्या मुलुखात राहणारा उपरा होता. हेथी लोकांसमोर नमून त्याने पत्नीच्या दफनासाठी जागा मागितली. त्यांनी ती फुकट देऊ केली तरी त्याने चारशे शेकेल चांदी मोजून मकपेला येथील गुहा विकत घेतली. परमेश्वराने ज्याला सगळा देश देण्याचे वचन दिले होते, त्याच्या नावावर त्या देशातली पहिली जमीन लागली ती कबरीची. आपल्यासारख्या अल्पसंख्य कुटुंबांनी हा अध्याय पुन्हा पुन्हा वाचावा असे मला वाटते.

इस्राएल लोक मृतांना पुरत असत. जाळणे ही बहुधा शिक्षा किंवा विटंबना समजली जाई. तरीही एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. शौल राजा आणि त्याचे पुत्र गिलबोवाच्या डोंगरावर पडले, तेव्हा पलिष्ट्यांनी त्यांची प्रेते बेथशानच्या तटावर टांगली. याबेश-गिलादचे शूर लोक रात्रभर चालत गेले, प्रेते काढून आणली, त्यांचे दहन केले आणि अस्थी झाडाखाली पुरून सात दिवस उपास केला (१ शमुवेल ३१). येथे दहन झाले ते प्रेमापोटी, पण ते लोक तेवढ्यावर थांबले नाहीत. अस्थींना त्यांनी मातीत जागा दिली. पुढे दावीद राजाने त्याच अस्थी नेऊन शौलाच्या पित्याच्या कबरीत ठेवल्या. जागा ठाऊक होती म्हणूनच त्या नेता आल्या.

आणि प्रभू येशू स्वतः? अरिमथाईकर योसेफाच्या नव्या कबरीत त्याला ठेवले गेले. रिकाम्या कबरीपासून आपल्या श्रद्धेची सुरुवात झाली. म्हणून पहिल्या ख्रिस्ती लोकांना आपल्या प्रभूसारखेच मातीत निजावेसे वाटले यात नवल नाही. इंग्रजीतील 'सिमेट्री' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ झोपण्याची जागा असा आहे.

रोममधले कबुतरखाने

त्या काळी रोममध्ये दहनाचीच चाल होती. मृतांची राख कलशांत भरून भिंतीतील लहान लहान कोनाड्यांत ठेवत. अशा कोनाड्यांनी भरलेल्या इमारतीला 'कोलंबेरियम' म्हणत, म्हणजे चक्क कबुतरखाना! भिंतीत ओळीने खोबण्या, तशीच ती दिसे. आज जगभर कॅथोलिक दफनभूमींतही राखेच्या कलशांसाठी अशा भिंती बांधल्या जातात आणि नाव तेच, कोलंबेरियम, चालू आहे.

ख्रिस्ती लोक मात्र भुयारी कबरस्थानांत, कॅटाकोंबमध्ये, आपले मृत पुरत राहिले. अग्नीने पुनरुत्थान अडते अशी त्यांची समजूत होती का? मुळीच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या मिनुसिउस फेलिक्स या ख्रिस्ती लेखकाने स्पष्ट लिहिले आहे की, दहनाने काही बिघडते अशी भीती आम्हांला नाही, आम्ही फक्त दफनाची जुनी आणि अधिक चांगली रीत पाळतो.

याची खरी परीक्षा इ.स. १७७ मध्ये फ्रान्समधील ल्यों शहरात झाली. सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळातला तो छळ. वृद्ध धर्माध्यक्ष पोथिनुस, दासी ब्लँडिना आणि त्यांचे सोबती हुतात्मे झाले. त्यांच्या मारेकऱ्यांना ठाऊक होते की हे लोक मृतांच्या पुनरुत्थानाच्या भरवशावर हसत मरतात. तेव्हा त्यांनी प्रेते सहा दिवस उघड्यावर ठेवली, मग जाळली आणि राख ऱ्होन नदीत लोटून दिली. आता पाहू यांचा देव यांना कसा उठवतो, असा त्यांचा टोमणा होता. मागे राहिलेल्या ख्रिस्ती लोकांनी आशियातील ख्रिस्तमंडळ्यांना पत्र लिहून ही हकिकत कळवली आणि इतिहासकार युसेबिउसने ते पत्र जपून ठेवले. त्या पत्रात पुनरुत्थानाविषयी शंकेचा एक शब्द नाही. दुःख आहे ते वेगळेच: आपल्या माणसांना माती देता आली नाही याचे.

आजोबांना मी हीच गोष्ट सांगितली होती. ज्याने ऱ्होन नदीतून ब्लँडिनाला शोधले, त्याला वैनगंगा काही मोठी नाही. पण ल्योंच्या त्या पत्रातला दुसरा भाग, म्हणजे मागे उरलेल्यांचे दुःख, तो सांगायचा राहून गेला.

युरोप ख्रिस्ती झाला तसे दहन मागे पडले. इ.स. ७८५च्या सुमारास शार्लमेन राजाने सॅक्सन लोकांना प्रेत जाळल्यास देहदंड ठरवला. श्रद्धा तलवारीने शिकवण्याचा हा प्रकार आज आपल्याला पटणार नाही. पुढे जवळजवळ हजार वर्षे युरोपात दहन हा विषयच उरला नाही.

कोल्हापूरचे महाराज आणि आर्नो नदीचा काठ

आधुनिक युरोपला दहनाचे दर्शन घडले त्यात एका मराठी राजाचाही वाटा आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली विलायतेच्या प्रवासाला गेले होते. परतताना इटलीतील फ्लॉरेन्स शहरात ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. सोबतच्या मंडळींनी आपल्या धर्माप्रमाणे दहनाची परवानगी मागितली. त्या शहराने असे काही पाहिलेले नव्हते, तरी खास परवानगी मिळाली. दोन नद्यांचा संगम पाहून, आर्नो आणि मुन्योने जेथे मिळतात तेथे, काशिने नावाच्या उपवनात चिता रचली गेली. १८७४ मध्ये त्या जागी छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा बसवण्यात आला. तो आजही तेथे आहे आणि जवळच्या पुलाला लोक 'हिंदी माणसाचा पूल' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात.

विचार करा, अग्नीने देह नेला तरी जागा राहिली. इटलीला जाणारा मराठी माणूस आजही त्या छत्रीपुढे उभा राहू शकतो.

भट्टी आणि देऊळ

त्याच काळात युरोपातली शहरे कारखान्यांमुळे फुगत होती. चर्चभोवतालची कबरस्थाने भरून गेली होती, पटकीच्या साथींचा धसका होता आणि डॉक्टर मंडळी दहनाची बाजू मांडू लागली होती. १८७३ साली व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनात पादुआ विद्यापीठाचे प्राध्यापक लुदोविको ब्रुनेत्ती यांनी आपली दहनभट्टी आणि तीतून निघालेली राख मांडली. ती पाहून राणी व्हिक्टोरियाचे शल्यवैद्य सर हेन्री थॉम्पसन इतके प्रभावित झाले की १८७४ मध्ये त्यांनी इंग्लंडात दहन-संस्था स्थापन केली.

पहिले मोठे दहनगृह मात्र इटलीतच, मिलान शहराच्या भव्य दफनभूमीत उभे राहिले. आल्बेर्टो केल्लर हे प्रॉटेस्टंट उद्योगपती १८७४ मध्ये वारले. त्यांनी यासाठी पैसे ठेवले होते आणि दहनगृह तयार होईपर्यंत त्यांचा देह जपून ठेवण्यात आला होता. २२ जानेवारी १८७६ रोजी त्यांचे दहन झाले. इमारत कशी? तर खांबांची, ग्रीक देवळासारखी. हा काही केवळ शोभेचा प्रश्न नव्हता. दहनाचा आग्रह धरणाऱ्यांमध्ये ख्रिस्तसभेचे कडवे विरोधक पुष्कळ होते. त्यांना चर्चची आठवण करून देणारी इमारत नको होती, म्हणून ते ख्रिस्तपूर्व ग्रीस-रोमकडे वळले. जर्मनीत गोथा येथे १८७८ मध्ये दहनगृह सुरू झाले, तेथे सीमेन्स पद्धतीची भट्टी होती. तीत ज्वाळा देहाला थेट न लावता अतिशय तापवलेली हवा सोडत.

इंग्लंडची कथा लांबली. लंडनजवळ वोकिंग येथे १८७९ मध्ये भट्टी बांधून एका घोड्याच्या प्रेतावर तिची चाचणी घेतली. लोकांनी गदारोळ केला, सरकारने मनाई केली. पुढे वेल्समधील एका विक्षिप्त म्हाताऱ्या डॉक्टराने, विल्यम प्राइस याने, १८८४ मध्ये आपल्या तान्ह्या मुलाचे डोंगरावर दहन केले आणि त्याच्यावर खटला झाला. न्यायाधीशांनी निकाल दिला की दुसऱ्यांना उपद्रव होत नसेल तर दहन हा गुन्हा नाही. मार्च १८८५ मध्ये वोकिंगला पहिले मानवी दहन झाले. १९०२ मध्ये त्या देशात दहनाचा कायदाच झाला.

दहनगृह बांधणाऱ्या वास्तुशिल्पींपुढे दोन कोडी होती. पहिले धुराड्याचे. धुराडे उंच हवे, पण ते दिसले की कारखान्याची आठवण होते. लंडनच्या गोल्डर्स ग्रीन दहनगृहात (१९०२) अर्नेस्ट जॉर्ज यांनी लाल विटांच्या इमारतीला इटलीतील जुन्या मठासारखे रूप दिले आणि धुराडे घंटाघरासारख्या मनोऱ्यात दडवले. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत १८८९ साली सुरू झालेल्या दहनगृहाला वास्तुशिल्पी फॉर्मिजे यांनी पूर्वेकडील जुन्या चर्चसारखा घुमट दिला. चर्चला विरोध म्हणून जे सुरू झाले, त्यालाच पुढे चर्चचे रूप उसने घ्यावे लागले, ही मौज आहे.

दुसरे कोडे अधिक नाजूक. कबरीपाशी निरोपाचा क्षण स्पष्ट असतो. पेटी खाली जाते, आपण मूठभर माती टाकतो. चितेपाशीही तो स्पष्ट असतो, मुलगा अग्नी देतो. पण यंत्राच्या भट्टीत निरोप कधी घ्यायचा? पडदा सरकतो, पेटी रुळांवरून आत जाते, दार लागते आणि लोक चप्पल शोधू लागतात. नागपूरला विद्युतदाहिनीपाशी मी स्वतः हे अनुभवले आहे. रडायचेही कुणाला सुचत नाही.

या कोड्याचे सर्वांत सुंदर उत्तर स्वीडनमधील स्टॉकहोमच्या वनातील दफनभूमीत सापडते. गुन्नार आसप्लुंड यांनी १९४० साली पुरे केलेल्या तेथील दहनगृहात तीन प्रार्थनामंदिरे आहेत. त्यांची नावे श्रद्धा, आशा आणि पवित्र क्रूस. मोठ्या मंदिराबाहेर खांबांचा खुला मंडप, पुढे हिरवळ आणि काळ्या ग्रॅनाइटचा उंच क्रूस. मंदिराची पुढची जाळीदार भिंत जमिनीत उतरवता येते, म्हणजे प्रार्थना संपल्यावर शोक करणाऱ्यांची नजर भट्टीकडे न जाता उघड्या आभाळाकडे जाते. त्याच वर्षी आसप्लुंड वारले आणि त्यांचा अंत्यविधीही तेथेच झाला. १९९४ पासून ते स्थान जागतिक वारसा यादीत आहे. स्वीडन प्रॉटेस्टंट देश असला तरी ही वास्तू आपल्याला काही शिकवून जाते.

ख्रिस्तसभेने मनाई का केली आणि ती का उठवली?

१८८६ साली रोमहून फर्मान निघाले. कॅथोलिकांनी दहन-संस्थांचे सभासद होऊ नये, स्वतःचे वा दुसऱ्याचे दहन करवू नये. १९१७च्या धर्मसभेच्या कायद्यातही ही मनाई आली. अग्नी पापमय आहे असे ख्रिस्तसभेने कधीही म्हटले नाही. त्या काळी पुष्कळजण मृत्यूनंतर काही नाही, हे जगाला दाखवण्यासाठी मुद्दाम दहन निवडत असत. आक्षेप त्या हेतूला होता. साथीच्या रोगात किंवा युद्धात नाइलाजाने दहन करावे लागले तर तेव्हाही ते चालत असे.

हेतू बदलला तसा नियमही बदलला. १९६३ साली रोमने जाहीर केले की ख्रिस्ती शिकवणीला विरोध म्हणून निवडलेले नसेल तर दहनास मनाई नाही. १९६९च्या अंत्यविधीच्या पुस्तकाने गरज पडल्यास दहनगृहातच प्रार्थना करण्याची मुभा दिली. १९८३च्या कायद्यातील कलम ११७६ हेच सांगते: दफनाची पवित्र रीत राखावी अशी ख्रिस्तसभेची कळकळीची शिफारस आहे, पण दहन निषिद्ध नाही.

तेव्हा घरी कुणाचे दहन झाले असेल तर आपण पाप केले अशी टोचणी मनाला लावून घेऊ नये. आपल्या भागात ही टोचणी पुष्कळांना आहे, हे मी पाहिले आहे.

राखेचे काय, हा प्रश्न मात्र उरतो. १५ ऑगस्ट २०१६ ही तारीख असलेली आणि त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झालेली रोमची सूचना यावर सविस्तर बोलते. मृताची राख ही मृताच्या देहासारखीच आदराने वागवावी. ती दफनभूमीत, चर्चमध्ये किंवा त्यासाठी आशीर्वादित केलेल्या पवित्र जागी ठेवावी. हवेत, जमिनीवर वा पाण्यात ती विखरू नये. भावाभावांत वाटून घेऊ नये. लॉकेटमध्ये किंवा दागिन्यात घालू नये. घरी ठेवू नये, अगदी अपवाद म्हणून धर्माध्यक्षांनी परवानगी दिली तरच. डिसेंबर २०२३ मध्ये रोमने यात दोन खुलासे केले. अनेकांची राख एकत्र ठेवण्यासाठी एक सामाईक पवित्र जागा करता येते, मात्र प्रत्येकाचे नाव तेथे नोंदलेले असावे. तसेच काही योग्य कारण असेल तर राखेचा अगदी थोडा अंश मृताच्या जीवनाशी जवळचा संबंध असलेल्या ठिकाणी ठेवण्याची विनंती धर्माधिकाऱ्यांना विचारात घेता येते.

पाण्यात का नको, असे आपले हिंदू आप्त विचारतील. त्यांच्या श्रद्धेत नदी पवित्र आहे, देह पंचमहाभूतांत परत जातो, आणि त्या श्रद्धेचा आपण मान राखावा. आपली श्रद्धा एवढीच सांगते की हा देह स्नानसंस्काराच्या पाण्याने धुतलेला आहे, त्याने ख्रिस्तशरीर ग्रहण केले आहे आणि त्याच माणसाला प्रभू शेवटच्या दिवशी नावाने हाक मारणार आहे. म्हणून आपण नाव आणि जागा राखतो. एप्रिल २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांना त्यांच्या इच्छेप्रमाणे रोमच्या मरियामातेच्या महामंदिरात मातीत ठेवले, तेव्हा कबरीवर फक्त 'फ्रान्सिस्कुस' एवढेच कोरले. नाव तेवढे पुरले.

जागा नसलेले संतही आहेत. संत माक्सिमिलियन कोल्बे १४ ऑगस्ट १९४१ रोजी आउशवित्झच्या छळछावणीत दुसऱ्या कैद्याच्या बदली मरण पावले आणि स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी छावणीच्या भट्टीत त्यांचा देह जाळला गेला. माणसाने बांधलेल्या भट्ट्यांचा हा सर्वांत काळा उपयोग. तेथे नावाच्या जागी आकडे गोंदले जात आणि राख कुठेही फेकली जाई. कोल्बे यांची कबर नाही, तरी १९८२ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून घोषित केले. जो नाव पुसू पाहतो त्याच्यापेक्षा नाव राखणारा मोठा आहे.

साथीच्या काळाने शिकवलेले

कोरोनाच्या वेळी हा विषय अचानक सर्वांच्या दारात आला. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने, मृत कोणत्याही धर्माचा असो, दहनच करावे असे पत्रक काढले आणि काही तासांतच ते बदलले. पुढे काही नागरिक दफनाविरुद्ध उच्च न्यायालयात गेले, पण मे २०२० मध्ये न्यायालयाने दफनाला परवानगी कायम ठेवली. केरळातील आलप्पुळा धर्मप्रांताने वेगळी वाट काढली. समुद्रकाठच्या त्या भागात थोडे खणले की पाणी लागते, नियमाप्रमाणे खोल खड्डा करणे शक्य नव्हते. जुलै २०२०च्या अखेरीस तेथे चर्चच्या दफनभूमीतच कोरोनाने मेलेल्यांचे दहन करून राख तेथेच पुरण्यात आली. दहन आणि दफन एकाच आवारात! याबेश-गिलादच्या लोकांनी केले तेच.

पारशी बांधवांचेही पाहा. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे त्यांच्या शेकडो वर्षांच्या रितीपुढे संकट उभे राहिले. २०१५ मध्ये मुंबईत वरळीच्या दहनभूमीवर त्यांच्यातील काहींनी प्रार्थनागृह उघडले. जुनी रीत आणि नवी गरज यांचा मेळ घालण्याची वेळ केवळ आपल्यावरच आलेली नाही.

आपल्या तालुक्यात काय करता येईल?

आधी दफनाचा विचार करावा. नगर पंचायत किंवा ग्रामपंचायत आणि जिल्हाधिकारी यांच्याकडे कब्रस्तानासाठी जागेची मागणी करता येते. एकेकट्या घराने केलेला अर्ज पडून राहतो, म्हणून दहा-बारा गावांतील कुटुंबांनी मिळून एकाच जागेसाठी अर्ज करावा. जागा नदीकाठची मागू नये. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला आलेला पूर ज्यांनी पाहिला त्यांना कारण सांगायला नको.

दहनच करावे लागणार असेल तर शक्यतो आधी देह चर्चमध्ये आणून पवित्र मिस्सा व्हावी, ते न जमल्यास घरी तरी फादरांनी अंत्यविधीच्या प्रार्थना कराव्यात. उघड्या चितेला तीन-चारशे किलो लाकूड लागते. नागपूरच्या घाटांवर शेतातील काडीकचऱ्याच्या कांड्या वापरतात, त्यांना मोक्षकाष्ठ म्हणतात. शहरातील विद्युत किंवा गॅसच्या भट्टीत आतल्या विटा आठशे ते हजार अंशांपर्यंत तापतात आणि तास-दोन तासांत दहन पुरे होते. मागे उरते ती लाकडाची राख नसून हाडांचे ठिसूळ तुकडे असतात. प्रौढ माणसाचे ते साधारण दोन-तीन किलो भरतात. चितेवरही लाकडाच्या राखेतून अस्थी वेगळ्या सावडता येतात. त्या सर्व एकाच मातीच्या वा लाकडी भांड्यात ठेवाव्या, आणि ते भांडे जेथे आपले कब्रस्तान आहे तेथे न्यावे. त्यासाठी सहा फुटी कबर लागत नाही, दीड-दोन फुटांचा खड्डा पुरे होतो. घरातील आधीच्या कबरीतही फादरांच्या परवानगीने ते ठेवता येईल. नागपूर शंभरावर किलोमीटर दूर पडते, पण देह घेऊन जाणे आणि भांडे घेऊन जाणे यांत खर्चाचा किती फरक आहे, ते ज्यांनी गाडी ठरवली आहे त्यांना विचारा.

आपल्याकडे प्रेतयात्रेला जाणे याला 'मातीला जाणे' म्हणतात. गंमत अशी की दहन असले तरी लोक 'मातीलेच' जातात. शब्द आपल्या बाजूचा आहे, तेव्हा आप्तांना समजावणे तितके अवघड नाही. मात्र हे बोलणे मरणघरी होत नाही, आधीच व्हावे लागते. आपली इच्छा चार ओळींत लिहून सही करून घरातल्या बायबलमध्ये ठेवावी आणि एक प्रत फादरांकडे द्यावी.

ज्यांची राख आधीच नदीत गेली आहे त्यांचे काय? त्यांच्यासाठी मिस्सा मागावी आणि फादरांशी बोलून कुटुंबाच्या दगडावर त्यांचेही नाव, जन्माची व मृत्यूची तारीख कोरून घ्यावी. राख नसली तरी २ नोव्हेंबरला मेणबत्ती लावायला जागा होते.

हे सर्व घेऊन मी परवा पुन्हा त्या आजोबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. थोड्या वेळाने म्हणाले, "म्हातारी तिकडं नदीत अन् मी इकडं दगडाखाली, असं कायले?" मी दगडावरील दोन नावांची गोष्ट सांगितली. वर कोणाचे नाव असेल, असे त्यांनी विचारले. आधी ती गेली, तेव्हा तिचे, असे मी म्हणालो. धाकट्या मुलाने कागद आणला, पण आजोबांनी अजून सही केलेली नाही. धान कापून झाल्यावर बघू म्हणाले.